उणे सेहेचाळीस

लवकर ठरव, पोरी.
तू उभी राहिलीस तेवढ्यात
तुझ्या पापण्या पिकल्या.

ही ब्रुस्निका. सप्टेंबरात वेचलेली,
गुडघ्यांवर रांगत, उरल्यासुरल्या डासांना रक्त पाजत.
पेला हलवून बघ,
खड्यांसारखी वाजते.
हिला ना फ्रीज लागतो ना वीज.
याकुत्स्कात आभाळच कपाट,
त्याचं दार एप्रिलपर्यंत
कोणी उघडत नाही.

हा अफनासी. याचे मासे बघ,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे
शेपटीवर उभे.
पलीकडे दुधाच्या चकत्या, थाळीएवढ्या.
कागदात गुंडाळून काखेत मारायच्या
आणि चालू लागायचं.

आणि तिकडे, काचेच्या खोपटात,
एका पिवळ्या दिव्याखाली
दोन गोधड्या पांघरून
बाकीतचे टोमॅटो.
गोधडीचं टोक तो असं उचलतो
जसं कुणाचं तान्हं दाखवतोय.

काय म्हणालीस? डॉक्टरांनी ताजं सांगितलंय?
दक्षिणेकडून आलेला तो नवा ना,
कातड्याचे हातमोजे घालून फिरतो?
फिरू दे. जानेवारी शिकवेल.

पण मला सांग, ताजं म्हणजे काय गं?
तो टोमॅटो अकरा दिवस ट्रकात होता.
रोज थोडा थोडा म्हातारा होत
इथवर आला.
माझी ब्रुस्निका ज्या रात्री गोठली
त्याच रात्री तिचं वय थांबलं.
आज दाताखाली फोड,
आत अजून सप्टेंबरच आहे.

बाकीतची निंदा करत नाही हं मी.
काकडी एकदा गोठली की मेली;
वितळली की ताटात नुसता चिखल.
तिला गोधडीच हवी.
ब्रुस्निकेचं मात्र उलट,
गारठ्यानं तिचा तुरटपणा जातो.
थंडी एकाला मारते, एकाला मुरवते.
कोण कुठल्या जातीचं
हे गोठल्याशिवाय कळत नाही.

माझी थोरली, वार्वारा, क्रास्नोदारला असते.
म्हणते, आई, इथे जर्दाळू रस्त्यावर पडतात,
कोणी वाकतसुद्धा नाही.
गेले होते एकदा.
खाल्ले, खूप खाल्ले, खोटं कशाला बोलू.
मग एका रात्री झोप येईना
तेव्हा फ्रीजचं दार उघडून
समोर खुर्ची टाकून बसले.
सकाळी लेकीनं विजेचं बिल दाखवलं.
आठ दिवसांनी परतले.

आता तुला म्हणून सांगते,
अफनासीला कळू देऊ नकोस.
दर शनिवारी बाजार उठताना
बाकीतकडून मी एक टोमॅटो घेते.
एकच.
स्वेटरच्या आत, पोटाशी धरते,
वरून लोकर, वरून कातडं,
आणि बसची वाट बघते.
उघड्यावर त्याला चार मिनिटं पुरतात
दगड व्हायला.
गेल्या शनिवारी बस पाऊण तास आली नाही.
पाय गेले, नाक गेलं,
हात कुठे आहेत ते आठवेना,
पण पोटाजवळ तो होता,
माझ्याइतकाच गरम.

घरी जाऊन मीठ लावून खाल्ला.
पाणचट होता, अगदी पाणचट.
त्यात बिचाऱ्या टोमॅटोचा काय दोष!
मी तर देठसुद्धा चघळला.

ती बघ, आली तुझी बस.
तिथून एक टोमॅटो घे, कोटाच्या आत घाल,
आणि हे बघ, पिशवी उघड,
किती पेले?