बीडशेडची गाडी

पाहुणे आले की भाऊजी वही काढतात:
सव्वानऊ अंबाबाई, अकरा न्यू पॅलेस,
दीडला तांबडा-पांढरा, आणि दोन ते अडीच
यापुढं कंसात, विश्रांती.
त्यांनीच मला म्हैसूर दाखवलं, उटी दाखवली.
मला आठवतं ते त्यांचं घड्याळ.

भाची तेजल पन्हाळ्याला चालतच जाते,
तळपायाचे फोड कौतुकानं मोजते.
तिच्यासोबत मी वाघबीळापर्यंत गेले,
कणीस खाल्लं
आणि वडापनं घरी आले.

मग एकदा चप्पल शिवायला टाकलेली.
सातपुतेमामा म्हणाले, "दोन तास लागतील की वो बाई."
रंकाळा स्टँडवर बीडशेडची गाडी उभी.
चढले.

कंडक्टरनं विचारलं, "कुणाकडं?"
"कुणाकडं नाही."
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पायांकडं.
मामांची उसनी जोडी, दोन बोटं मोठी.
तिकीट मात्र दिलं.

जळत्या पाल्याचा धूर. पुढं एक म्हैस आडवी,
अख्खी गाडी तिच्या मर्जीची वाट बघत.
मागची बाई म्हणाली, "घाई हाय काय कुणाला?"
मी नाही म्हटलं,
आणि ते खरं होतं.

"काय बघितलंस बीडशेडला?" भाऊजी.
चहा. आणि एक म्हातारा, रेडिओ उघडून बसलेला.
तो एकदाचा खरखरला
तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

वहीत हे कुठल्या वेळेला लिहायचं
त्यांना कळेना.

हल्ली महिन्याला माझी एक तरी चप्पल तुटते.