खाली

चौपन्न अंश. आठ तास.
टॉडमॉर्डनमध्ये, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत
फळं सुकवायच्या यंत्रात मी टेप ठेवते,
वाळवण घालावं तशी.
राखण कावळ्यांपासून नाही, घड्याळापासून:
कमी झालं तर चिकट, जास्त झालं तर कडकडीत.
सांडग्यांचं शास्त्र इथंही चालतं,
फक्त ऊन विजेचं.

एकवीस रिळं आली बिस्किटांच्या डब्यांतून.
वेदरकॉक पार्लमेंट, त्र्याहत्तरचा दौरा.
(वातकुक्कुटांची संसद, असं मराठीत म्हणून बघते,
एकटीच हसते.)
डब्यांवर कुणाचं तरी तिरपं अक्षर:
हडर्सफील्ड, बरी. डार्बी, ऑर्गन गेला.
लँकेस्टर, नको.
कंपनीला बारा डिस्कची पेटी काढायची आहे,
सोबत तिकिटांच्या नकला, घडीचं पोस्टर,
आणि एक जाड पुस्तक, ज्यात सगळे अजून केसाळ आहेत.

तीच तेवीस मिनिटांची रचना अकरा वेळा.
मला आता खोकणारे प्रेक्षकही ओळखू येतात.
मधला भाग सातांचा: ती ती ना, धी ना, धी ना.
लहानपणी मांडीवर ठोकलेला रूपक.
ट्रेवर पिकल्सला हे कुणी सांगितलं नसणार,
तो आपला कुंपणावरून उडी मारून
त्याच अंगणात आला होता.

मंगळवारी डेरिक ॲक्रॉइड आला, हॅलिफॅक्सच्या बसनं.
बास वाजवायचा. एकोणऐंशी वर्षं, दोन्ही कानांत यंत्रं.
कोट न काढताच म्हणाला, चौदावं रीळ.
बर्न्लीची रात्र. अठराव्या मिनिटाला एकानं सम सोडली.
मी म्हटलं त्यानं. तो म्हणाला मी.
व्हॅनमध्ये चिप्स तशाच गार झाल्या.
उन्हाळ्यापर्यंत बँड नव्हता.
त्याला पुरलं तेव्हा गेलो होतो,
मागं उभा राहिलो, दाराशी.

लावलं.
त्यानं डोळे मिटले. गुडघ्यावर एक बोट सात मोजत राहिलं,
सांधे सुजलेलं, पण चोख.
सतरा पन्नास. सतरा पंचावन्न.
समेवर आलो आणि
 
काहीच नाही.
ठोका नाही, बास नाही, खोकला नाही,
सभागृहाची घूं घूं सुद्धा नाही.
मग पुन्हा सगळं एकदम, आणि ते दोघं
अर्ध्या मात्रेच्या अंतरावर, भांडायला लागलेले.

पुन्हा लाव, म्हणाला.
तीनदा लावलं. चौथ्यांदा मीच नाही म्हटलं.
टेप अशी झिजते, प्रत्येक ऐकण्यानं.
कापसाच्या काडीनं हेड पुसलं:
तपकिरी भुकटी, दालचिनीच्या चिमटीएवढी.
हेच का? त्यानं विचारलं.
हेच.
कोण चुकलं ते ह्या काडीवर होतं.
आम्ही दोघंही जरा वेळ तिच्याकडे बघत बसलो,
जणू ती बोलेल.

कंपनीचा निरोप: डार्बीचा ठोका उचलून तिथं बसवा,
तो ठणठणीत आहे, कुणाला कळणार?
खरंय, कळणार नाही.
रूपकात समच खाली असते, टाळी तिच्यावर पडत नाही,
तिथं हात नुसता उलटा करून दाखवतात;
हे मी इंग्रजीत दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
शेवटी लिहिलं: आहे तसं ठेवलं.
नववी डिस्क, तिसरा भाग.

डेरिकनं काडी बसच्या तिकिटात गुंडाळली,
चष्म्याच्या डबीत ठेवली. मी हरकत घेतली नाही.
बसला वीस मिनिटं होती, बाहेर भुरभुर सुरू होती.
पेटी केवढ्याला पडणार, त्यानं विचारलं.
सांगितलं.
बापरे, म्हणाला,
ट्रेवरनं कधीच घेतली नसती.