नवतपा सेल

तळघरात, ट्रायल रूमच्या पडद्यापलीकडे
माझी मशीन आहे.
वर पाटी : अल्टरेशन. पँट साठ, बाही चाळीस, फॉल लावत नाही.
लोक मला बघत नाहीत,
म्हणून माझ्यासमोर खरं बोलतात.

बाहेर बर्डीवर सेहेचाळीस. आत अठरा.
अर्धी गर्दी या अठ्ठावीस अंशांच्या सुटीवरच आलेली,
खरेदीचं सोंग घेऊन टॉवेलांना हात लावत.
"थंडावा फुकट आहे न बाप्पा, तोवर घ्या,"
म्हणतात देवतळेबाई, आणि लेबल उचकटतात.
एक नख त्यांनी त्याच कामासाठी वाढवलंय.
चौदाशेच्या खाली अकराशे,
अकराशेच्या खाली नऊशे पन्नास,
त्याच्याखाली नुसता डिंक.
"कांद्यावाणी सोलून राहिली मी,
अन् पाणी माह्याच डोळ्यात."

खोब्रागडे साहेब एजी ऑफिसातून निवृत्त.
पन्नास टक्के आणि वर वीस टक्के
म्हणजे सत्तर नव्हे, साठ,
हे त्यांनी काउंटरवरच्या पोरीला तीनदा समजावलं.
मागे रांग एसीतही उकळत होती.
पोरगी म्हणाली, "सर, सिस्टिममध्ये असंच आहे."
साहेब म्हणाले, "आमच्याही वेळेस असंच होतं.
फक्त तेव्हा सिस्टिमला आडनाव असायचं."

कुणी म्हणतं, इतवारीत हेच अर्ध्यात मिळते.
कुणी म्हणतं, इतवारीत परत कोण घेते बे, अन् कोणत्या तोंडानं.
एक नवरा : "इथले पोट्टे अंगाला चिकटते नुसते."
त्याचीच बायको, दहा मिनिटांनी :
"एकही मेला दिसून नाही राहिला."

दोघंही बरोबर.
पोरं आठ, मजले तीन,
स्टूल एकही नाही. बसणं नियमात नाही.
निनावेंचा मोनू खांबाला टेकतो
तेव्हाही आधी कॅमेऱ्याकडे पाहतो.

आदल्या रात्री आम्हीच लावली ही लेबलं,
दोन वाजेपर्यंत, फरशीवर मांडी घालून.
मोनू सोलायचा, मी चिकटवायचो.
चोवीसशे नव्याण्णव, त्यावर लाल रेघ,
खाली बाराशे एकोणपन्नास.
आकडा आणि रेघ एकाच कागदावर, एकाच शाईच्या दमात.
त्या शर्टानं चोवीसशे नव्याण्णवचा
एकही दिवस पाहिलेला नाही.
ती किंमत जन्मली तीच खोडलेली.

चार वाजता एक मुलगी आली.
स्कार्फ अजून तोंडाला गुंडाळलेला, नुसते डोळे.
"दादा, बाही दोन इंच कमी.
उद्या बुटीबोरीला इंटरव्ह्यू आहे."
हात पसरून उभी राहिली. मी माप घेऊ लागलो.
"एक विचारू?
हा खरंच होता का कधी चोवीसशे नव्याण्णवचा?"

मोनू खांबाजवळ हँगर मोजायला लागला,
सकाळी मोजलेलेच.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
टाचण्या तोंडात असल्या की उत्तर देता येत नाही,
या धंद्यात फार उपयोगी पडतं ते.
मी मान हलवली. आडवी.
बाही मोजताना हलते, तेवढीच.

"वाटलंच," ती म्हणाली.
तरी घेतला. "खांद्यात बसते न नीट."

मग पाटीकडे बघून :
"तुमच्याकडे सूट नाही?"
"नाही. चाळीसचे चाळीस.
बारा वर्षांआधी पंचवीस होते,
तेव्हाही पंचवीसचे पंचवीसच."
डोळे हसले असावेत. स्कार्फवरून तेवढंच कळतं.

वीसच्या दोन नोटा मशीनवर ठेवल्या,
लेबल तोडून तिथेच सोडलं,
शर्टाची घडी पिशवीत घातली.
दोन पावलं गेली आणि वळली.
"ते कापलेले दोन वेढे द्या न, दादा.
त्याचेही पैसे दिले मी."