किल्ली

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं,
म्हणून मला दिसलं.

कुर्ल्याला, आयटीआयच्या पत्र्याच्या वर्कशॉपात
बावीस टेबलं, बावीस पॅनेल,
प्रत्येकात आदल्या रात्री मी स्वतः लपवलेला एक बिघाड.
खाणीखाणींतून आलेले इलेक्ट्रिशियन, कडक इस्त्रीच्या निळ्या शर्टात,
मुंबईच्या भर दुपारी डोळे बारीक करून.

शिट्टीसरशी बाकीचे तुटून पडले.
टेबल नऊवरचा वारलू कोवे, घुग्घुसचा,
आधी भिंतीपाशी गेला. मेन पाडला.
त्याला स्वतःचं कुलूप घातलं, पितळी, वापरून गुळगुळीत.
टेस्टर शेजारच्या जिवंत प्लगात घालून बघितला,
मग मेलेल्या तारेवर,
मग पुन्हा जिवंत प्लगात –
मधल्यामधे टेस्टरच मेला नाही ना.
आणि मग नुसता बसून राहिला.
"काय झालं?"
"कपॅसिटर हाये जी. त्याले जरा विसरू द्या."

चार मिनिटं.
माझ्या तक्त्यात वेगाला चाळीस गुण,
थांबण्याला रकानाच नव्हता.
माझी उजवी करंगळी, जिला एकोणतीस वर्षं
गरम-गार कळत नाही,
पेन्सिलीखाली उगाच हलली.

प्रमुख पाहुणे वेळेआधी आले. होतं असं कधीकधी.
माईक मुका. स्टेजवरचा पंखा थंड.
स्टेज आणि टेबल नऊ-दहा एकाच लाइनवर,
ही चूक माझी.
"कुलूप कुणाचं? काढा!" सेक्रेटरी धापा टाकत,
मागून एक जण करवतच घेऊन.
वारलूनं फक्त बोट दाखवलं.
टेबल दहावर मँगनीजच्या खाणीतलं एक पोरगं,
दंडापर्यंत हात पॅनेलच्या आत,
स्वतःचं कुलूप लावायचं विसरलेलं,
सभा, पाहुणे, कशाचा पत्ता नाही त्याला.
"त्याचा हात भायेर येऊ द्या."

पाहुण्यांनी मान पुसली.
हार ताटात पडून राहिला.
शंभरेक माणसं
एका पोराच्या कोपराकडे बघत होती.

हात आला. ग्रीसनं माखलेला, पाची बोटं.
वारलूनं ती मोजली असावीत.
मग सगळ्यांदेखत शर्ट वर करून
करगोट्याला बांधलेली किल्ली सोडवली.

निकालात तो सतरावा.
मिक्सर भलत्यालाच मिळाला.
तक्ता मी अजून ठेवलाय. कडेला पेन्सिलीनं
एक उभी रेघ ओढली होती, नव्या रकान्यासाठी.
वर काय लिहायचं, सुचलं नाही.