कर्ता नसलेला अहवाल

पहाटे दोन चाळीस. लीथच्या गोदीवरून धुकं चढत आलेलं,
खिडकीबाहेरची क्रेन कमरेपासून वर नाहीशी.
"ढग खाली आलाय," स्ट्रुअन म्हणाला. कुणी हसलं नाही.

रांगेत चार लाख पगार खोळंबलेले:
फाइफच्या परिचारिका, ट्राम चालवणारे,
पीटरहेडला मासे सोलणाऱ्या बायका,
ज्यांचं घरभाडं सहाच्या ठोक्याला कापलं जाणार,
पैसे आलेले असोत वा नसोत.

एक परवानगी पुसली गेली होती.
एक ओळ. तिच्या आधाराने बाकीच्या तीनशे उभ्या होत्या
हे ती गेल्यावर कळलं.

कॉलवर सदतीस माणसं, त्यातली पाच काम करणारी.
लंडनहून संचालक विचारतात: कुणी केलं?
रुअरीचा माइक बंद. कॅमेराही.
नोकरीचा दुसरा महिना. नुसती आद्याक्षरं
काळ्या चौकोनात, थडग्यावर असतात तशी.

मी म्हणाले, मंजुरी माझी होती.
खरंच होती. गुरुवारी, पाचला दहा कमी,
मुलीला पोहण्याच्या वर्गातून आणायची घाई,
वाचलं न वाचलं, आणि हिरवं बटण.

मग फक्त कळांचा आवाज.
स्ट्रुअन, जो एकेकाळी टेपांची खोकी व्हॅनमधून
पुलापलीकडे नेत असे, आणि वाऱ्याने पूल बंद झाला
की गाडीतच झोपत असे,
आज एकेक कुलूप उघडत होता
ओठ हलवत, पोरं पाढे म्हणतात तसा.

पाच अठ्ठेचाळीस. रांग हलली.
आधी दहा, मग हजार, मग आकडा नजरेला धरवेना.

अहवालाचा नमुना माझाच, मागच्या वर्षीचा:
काय घडलं ते लिहा. कुणी, ते नको.
तेव्हा सोपं वाटलं. आज प्रत्येक वाक्याशी
कर्ता येऊन दार ठोठावतो
आणि मी त्याला पायरीवर बसवून ठेवते.
'परवानगी काढली गेली.' 'इशारा पाहिला गेला नाही.'
शेवटी एकाच वाक्यात त्याला आत घेतलं:
'मंजुरी मी दिली.'

कोपऱ्यावरच्या बेकरीत गरम रोल. कार्ड टेकवलं.
यंत्र विचारात पडलं, पाऊण सेकंद असेल,
मी श्वास धरून.
बेकरीवाली म्हणाली, "चालतं गं ते. सकाळी जरा झोपेत असतं."

फोनवर रुअरी: उद्या येऊ ना?
मी लिहिलं, आजच ये. दुपारी.
ती ओळ नसली की काय होतं
हे तुझ्याइतकं नीट आता कुणाला माहीत नाही.