विहिरीकडचं पेव

आमचा पहिला अल्बम एकतीस मिनिटांचा आहे.
आठ गाणी. सातव्याच्या शेवटी कुत्रं भुंकतं,
ते ठेवलंय.

बँडचं नाव ठरेना, तेव्हा सन्मतीनं
मार्केट यार्डातल्या एका पोत्यावरचं वाचून दाखवलं :
राजापुरी, दोन नंबर.
तेच राहिलं.
तिच्या आत्याला अजून वाटतं
आम्ही हळदीच्या धंद्यात पडलोय.

जुनैदचे ड्रम बँजो पार्टीनं टाकून दिलेले.
मिरजेत त्याच्या घरी माळ्यावर भोपळे वाळतात, सतारीचे.
त्याचे चुलते एकदाच आले, उभ्यानं ऐकलं,
म्हणाले, बाकी मला कळत नाही,
पण ती जाड तार उतरलीय.
आणि माझ्या बेसची खुंटी
पॉलिश पेपरनं घासून दिली, पैसे घेतले नाहीत.

पुण्याचा स्टुडिओ ताशी अकराशे सांगत होता.
आम्ही हरिपूरला गेलो.

तिथल्या एका मळ्यात जमिनीखाली पेवं आहेत,
वर तोंड परातीएवढं, खाली खोली.
पूर्वी हळद भरायचे.
पुराचं पाणी शिरलं त्यानंतर कुणी भरली नाही.
बादलीच्या दोराला माइक बांधून आम्ही आत सोडला,
सन्मती काठावर पालथी पडून गायली,
ढोपरांना माती, केसांत गवत,
रात्री साडेदहाच्या तासगाव गाडीचं गाणं,
जिच्यातून कुणीच उतरत नाही.
आवाज विरायला पावणेदोन सेकंद लागत होते.
प्राजक्तनं मोजले, आणि
पुन्हा एकदा, म्हणाला, नुसतं ऐकायला.

मंगळवारी अल्बम आला.
सकाळपर्यंत त्रेसष्ट वेळा वाजला,
त्यातले वीसेक वेळा मीच.
लिस्बनहून कुणीतरी विचारलं,
हा घुमारा कुठल्या मशीनचा?
प्राजक्तनं लिहिलं, हळदीचा.

मग रविवारी मळ्यावर किल्ली द्यायला गेलो
तर तातोबा खोत बसले होते कट्ट्यावर.
चाळीस वर्षं हमाली, सगळी पेवांत उतरून.
डावा कान गेलेला. उजव्यात एक बोंडूक लावून दिलं,
चौथं गाणं.
डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही,
तंबाखू मळायचे थांबले एवढंच.

ह्ये विहिरीकडचं, म्हणाले.
मी विचारलं, कसं ओळखलंत?
आमी उतरायच्या आदी हाळी द्यायचो की.
भरलेलं पेव आवाज गिळतंय.
रिकामं असलं की परत देतंय,
पर हरेक येगळा देतंय.

गाणं संपलं. बोंडूक काढून
त्यांनी धोतरानं पुसलं, माझ्या हातावर ठेवलं.
पोरगी ग्वाड गाती,
म्हणाले, आणि मग एकदम रागानं :
आत वाकायच्या आदी
कंदील सोडलावता का न्हाई?