ठळक अक्षरं

संडरलँडच्या दुकानात
पाकिटं उलटी करून वाचते मी.
ठळक अक्षरांत गहू. ठळक अक्षरांत दूध.
काल हिंगाच्या डबीतही निघाला गहू,
इतकी वर्षं माझ्याच फोडणीत
बसलेला घरभेदी!

हिवाळाभर पुठ्ठ्यासारखा पाव चावला,
कोऱ्या चहात बुडवून.

मग एका शनिवारी
तांदळाचं पीठ सरसरीत कालवलं.
पहिलं घावन फाटलं,
दुसरं चिकटलं,
तिसऱ्याला जाळी पडली.
नारळाच्या दुधात गूळ चिरून घातला, वेलची.

शेजारची मॉरीन, तिलाही हेच पथ्य,
ओट्याशी उभ्यानंच चार संपवून
कोपरापर्यंत ओघळलेला रस चाटत म्हणाली,
'आणि यात काय काय नाहीये?'

यादी पाठ होती मला.
आठवेना.